स्तामेनाचा अल्बम

टेबलावर ठेवलेल्या दोन फोटोंपैकी एक गोर्दानाने उचलून पर्समध्ये ठेवला. दुसरा तिने एका बोटाने परत सरकवला. खानावळीत न मागवलेली ताटली वाढप्याकडे सरकवावी, तसा.

"हा कशाला, मावशी?"

"व्लास्ता मिस्त्रींनी दोन मागितलेत," लेपोसावा म्हणाली. "दगडासाठी."

"बरोबर. एक बाबांचा, एक आईचा."

सरकवलेल्या फोटोत लेपोसावा होती. तो तिने मुद्दाम स्टुडिओत जाऊन काढून घेतला होता; केस बसवून, कॉलरला इस्त्री करून, दगडावर कायमचे राहायचे आहे अशा चेहऱ्याने. आता तो चेहरा दोघींच्या मधोमध उताणा पडला होता आणि छताकडे पाहत होता.

आमच्या तिमोक नदीकाठच्या गावांत जोडप्याच्या कबरीचा दगड एकदाच उभा राहतो. जो गेला त्याचा चेहरा, नाव, जन्म आणि मृत्यू. शेजारी जो उरला त्याचाही चेहरा, नाव, जन्म, आणि मग एक आडवी रेघ, जिच्यापुढे दगड गुळगुळीत सोडलेला असतो. विधवा दर शनिवारी जाऊन नवऱ्याच्या चेहऱ्यावरची धूळ पुसते आणि त्याच फडक्याने स्वतःच्याही. परक्यांना हे भेसूर वाटते. आम्हाला याचा अभाव भेसूर वाटतो. ज्या बाईचा चेहरा नवऱ्याशेजारी कोरलेला नाही, तिच्याविषयी गावात तीनच तर्क संभवतात: ती पळून गेली, तिने दुसरे घर केले, किंवा ती कधी बायको नव्हतीच. लेपोसावाने पहिल्या दोन गोष्टी केल्या नव्हत्या.

तिहोमिरला जाऊन वर्ष होत आले होते. रेल्वेत सांधेवाला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या योग्य रुळावर घातल्या आणि स्वतःच्या घरात कुठलाही सांधा कधी हलवला नाही. त्याची पहिली बायको स्तामेना एकोणतिसाव्या वर्षी गेली, तेव्हा मियोद्राग नऊ वर्षांचा होता आणि गोर्दाना सहा. पुढे दीड वर्षाने शर्टांच्या कारखान्यातली लेपोसावा या घरात आली. कापणी विभागात होती, तेहतिशीची, आणि त्या वयात कोणी विचारत नाही, याने विचारले म्हणून कृतज्ञ. मुलांनी तिला मावशी म्हणावे असे ठरले. कोणी ठरवले, हे आता कोणालाच आठवत नाही. अशा गोष्टी ठरवणारा माणूस कधीच सापडत नसतो.

"स्तामेना आहेच की तिथे," लेपोसावा सावकाश म्हणाली. "तिचा पांढरा दगड आहे, त्यावर अंडाकृती फोटो आहे. मी दर इस्टरला..."

"तो काढणार. दोघांचा मिळून एकच करायचाय. काळा ग्रॅनाइट, उभा." हे मियोद्राग म्हणाला. तो खिडकीशी उभा राहून मोबाइलवर दगडांचे नमुने पाहत होता. व्हिएन्नात फरशा बसवण्याचे ठेके घेत असल्यामुळे दगडाच्या बाबतीत अंतिम शब्द आपला, असे त्याचे मत होते. "पूर्ण उंचीच्या आकृत्या. हल्ली सगळे तसंच करतात."

"तिघांचाही करतात, मियो. नुसत्या चेहऱ्यांचा. पेत्कोविचांनी केला. मधे तो, दोन्हीकडे दोघी."

"आणि सगळा गाव त्याला काय म्हणतो, माहितेय ना? पेत्कोविचचा कोंबडा आणि कोंबड्या." मियोद्राग हसला. "माझे व्हिएन्नाचे लोक येणार आहेत वर्षश्राद्धाला. त्यांना काय सांगू, बाबांनी स्टॉक ठेवला होता?"

लेपोसावाही थोडी हसली. मुलांच्या विनोदाला हसायचे, ही सवय तिला लागून गेली होती. विनोद कोणावर आहे हे ती नंतर पाहत असे.

"पण मग मी कुठे जाऊ?" तिने विचारले.

प्रश्न साधा होता आणि शब्दशः होता. तिला जागा विचारायची होती.

"अगं, तुला घरातून कोण काढतंय?" गोर्दाना म्हणाली. "राहा की इथंच. आम्ही कधी काही बोललो? घर तुझंच आहे, जिवंत आहेस तोवर."

"मी घराचं नाही विचारत, पोरी."

"तुझ्या माहेरचं दफनस्थान आहे ना? भाऊ आहे, वहिनी आहे. रक्ताची माणसं. आईला एकटी बाजूला टाकून बाबांशेजारी तुझा... मला ते बघवणार नाही, मावशी. माझ्या बाजूनं विचार कर ना."

इतरांच्या बाजूने विचार करण्याचा लेपोसावाचा सराव एवढा मोठा होता, की स्वतःची बाजू कोठे ठेवली आहे हे तिला शोधावे लागे. त्या दिवशी मात्र ती सापडली.

"छत्तीस वर्षं मी त्याची बायको होते," ती म्हणाली.

गोर्दाना उठली आणि आतल्या खोलीतून अल्बम घेऊन आली.

तो जुना, जाड पुठ्ठ्याचा, काळ्या पानांचा होता. प्रत्येक पानावर कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला धुरकट कागद. फोटो चार कोपऱ्यांत गोंदाच्या त्रिकोणी खिशांनी धरलेले, खाली पांढऱ्या पेन्सिलीने एक-एक ओळ. गोर्दानाने तो अशा रीतीने उघडला, जसा वकील कायद्याचे पुस्तक उघडतो: वाचायला नव्हे, दाखवायला.

"दाखव. यात तू कुठे आहेस?"

गोर्दाना स्वतःच पाने उलटू लागली.

"हे बघ, स्लावाचं जेवण, घरच्या संताचा सण. आई दारात उभी. हा मियोचा शाळेच्या सहलीचा दिवस, आई. ही मी मधमाशी झाले होते ना, बालवाडीच्या नाटकात. पहिल्या ओळीत कोण बसलंय? आई. कशी हसतेय बघ माझ्याकडे बघून. मला तो दिवस लख्ख आठवतो. मी माझी ओळ विसरले आणि तिनं ओठ हलवून सांगितली." गोर्दानाचे डोळे भरून आले होते, आणि ते अश्रू खरे होते. "ही आमची आई आहे, मावशी. सगळीकडे. तू चांगलं केलंस आमचं, जेवण, कपडे, सगळं. पण आमच्या आयुष्यात तू... सांगू का? तू अल्बमच्या बाहेर होतीस. हे मी नाही म्हणत. हे फोटो म्हणतात."

कुटुंब नावाची संस्था पुरावा मागू लागते, तेव्हा निकाल लिहून झालेला असतो. येथे वैशिष्ट्य इतकेच होते, की पुरावा आरोपीने स्वतः तयार केला होता.

लेपोसावा या घरात आली, तेव्हा अल्बम अर्धा भरलेला होता. पूर्वार्धात स्तामेना होती: नवरी, गरोदर, बाळंतीण, नदीवर, कणसांच्या ढिगावर. मग अचानक काळी पाने सुरू होत. एका दुपारी दहा वर्षांच्या मियोद्रागने अल्बम उघडला, त्या पहिल्या रिकाम्या पानापर्यंत आला, आणि आईला शोधत उरलेली सगळी रिकामी पाने एक-एक करून उलटली. शेवटचा पुठ्ठा आला. त्याने अल्बम पलंगाखाली ढकलला आणि त्या दिवसापासून कोणी खोलीत आले की ते पुन्हा जाऊ नये म्हणून तो आतून कडी लावू लागला.

"पोरांना आई एकदम बंद झाली," तिहोमिर म्हणाला होता. एवढे निदान करून तो कामावर गेला.

स्तामेनाचे न चिकटवलेले फोटो एका बुटांच्या खोक्यात होते. तिहोमिरला ते पाहवत नसल्यामुळे त्याने ते कपाटावर टाकले होते. लेपोसावाने खोके खाली उतरवले. कारखान्यात ती कॉलरी कापत असे. कॉलरची दोन टोके आरशात पाहिल्यासारखी सारखी आली पाहिजेत, नाही तर शर्ट कितीही उंची असो, माणूस वाकडा दिसतो. एवढेच शास्त्र तिला ठाऊक होते. ते तिने येथे वापरले. नव्या घटनांचे फोटो येत गेले, तसतसे ती रिकामी पाने भरत गेली, आणि प्रत्येक तीन-चार पानांनंतर खोक्यातली एक स्तामेना ठेवत गेली. आईने नाहीसे व्हायचे होतेच. पण ते आगगाडीत बसलेल्या माणसासारखे, हात हलवत, लहान होत.

नुसते शेजारी ठेवून भागत नसे. स्तामेना घटनेत असायला हवी होती. त्यासाठी घटनेत जागा करावी लागे, आणि घटनेत जिथे आई असते, तिथे नेमकी लेपोसावा असे. स्लावाच्या जेवणाच्या दिवशी दारात ती उभी होती. सहलीच्या गाडीशी डबा घेऊन ती उभी होती. नाटकाच्या दिवशी पहिल्या ओळीत ती बसली होती, आणि दुसरीतल्या गोर्दानाला विसरलेली ओळ ओठ हलवून तिने सांगितली होती. शिवणाच्या बारीक कात्रीने ती स्वतःभोवती कापत जाई. खुर्चीच्या पाठीपासून वर, खांद्यावरून, केसांच्या कडेने. उजेड कोणत्या बाजूचा आहे ते पाहून खोक्यातली स्तामेना निवडी, तिलाही मापाने कापी आणि त्या खाचेत बसवी. सांधा खुर्चीच्या काठावर किंवा पडद्याच्या चुणीत जिरवी. वर कोळ्याच्या जाळ्याचा कागद पडला की तो दिसतही नसे. पांढऱ्या पेन्सिलीने ती 'मधमाशी', 'सहल', 'पहिला बर्फ' असे लिही, आणि तारीख मुद्दाम घालत नसे. तारखा घातल्या असत्या, तर स्तामेना पुन्हा मेली असती.

कापून काढलेली लेपोसावा चुलीत जाई.

या कलेला गावात नाव नाही, बक्षीस नाही. संग्रहालयांत तिच्यासाठी दालन नाही, आणि कलेच्या इतिहासावर ज्यांनी जाडजूड खंड लिहिले आहेत त्यांच्या सूचीत 'सावत्र आई' ही नोंद आढळत नाही. तिहोमिरला सगळे ठाऊक होते. एकदा त्याने तिला कापताना पाहिले, बराच वेळ दारात उभा राहिला, आणि म्हणाला, "छान बसली." त्याच्या बाजूने विषय संपला.

लेपोसावाला संत ठरवण्याची घाई मात्र करू नये. तिने हिशेब केलाच होता. आपण काही मागितले नाही, जागा अडवली नाही, तर एक दिवस मुलेच हात धरून आपल्याला त्या जागेत बसवतील, असे तिला वाटे. त्याग ही बहुधा गुंतवणूकच असते. फक्त तिच्या कागदावर परताव्याची तारीख छापलेली नसते, आणि बँक कोठे आहे ते सांगितलेले नसते. शिवाय काम फार चांगले झाले होते. वाईट कारागिरीने तिला वाचवले असते.

"गोर्दाना," लेपोसावा म्हणाली, "नाटक बालवाडीत नव्हतं. दुसरीत होतं."

"बालवाडीत."

"दुसरीत. तुझी आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती."

मियोद्रागने मोबाइल खाली केला.

लेपोसावाने पानावरचा जाळीदार कागद मागे टाकला, पहिल्या ओळीतल्या हसऱ्या स्तामेनाच्या खांद्याखाली नख सरकवले आणि तिला हलकेच उचलले. गोंद जुना होता. काही आवाज न होता ती सुटली. खाली, मधमाशीच्या पंखांसमोर, बाईच्या आकाराची काळी खाच होती. खाचेच्या डाव्या काठावर, खुर्चीच्या हातावर, एक कोपर उरले होते. तेवढे खुर्चीपासून सोडवता आले नव्हते.

"हे कोपर माझं आहे," ती म्हणाली. "ओळ मी सांगितली होती. 'मध सगळ्यांना पुरेल, पण रांगेनं या.' तू 'रांगेनं' विसरलीस."

गोर्दाना त्या खाचेकडे पाहत होती. तिच्या बालपणातल्या सर्वांत सुखाच्या क्षणाला भोक पडले होते, आणि भोकाच्या काठाशी एक परके कोपर होते.

येथे न्यायाची अपेक्षा करणाऱ्यांनी थांबावे. सत्य कळल्यावर माणसे मवाळ होतात, हा समज ज्यांनी रूढ केला त्यांना वारसदार नसावेत.

"म्हणजे तू आमच्या आईला कापलंस," गोर्दाना म्हणाली.

"मला कापलं. तिला फक्त..."

"हे काय आहे मग? हातात काय आहे तुझ्या?"

लेपोसावाने हाताकडे पाहिले. चिमटीत कंबरेपर्यंतची, कडेने कातरलेली स्तामेना होती.

"कुठला होता हा फोटो? आख्खा होता ना? तिच्याबरोबर कोण होतं त्यात? तिचे पाय कुठे आहेत?"

"लग्नातला होता. तिच्या मैत्रिणीच्या. बाजूला दुसरी माणसं..."

"फेकलीस."

"तुम्ही लहान होता, पोरी. मियो रात्री..."

"मला मधे आणू नको," मियोद्राग म्हणाला. तो पुढे आला, अल्बमवर वाकला, आणि सहलीच्या फोटोवर, स्लावाच्या फोटोवर अंगठा फिरवू लागला. सांधे त्याला बोटाला लागत होते. फरशा बसवणारा माणूस. एकदा सांधा समजला की त्याला दुसरे काही दिसेना. "हा पण. हा पण. सगळे? मावशी, सगळे?"

"तुला आई हवी होती."

"मला खरी हवी होती."

"ती नव्हती, बाळा."

हे वाक्य त्या घरात छत्तीस वर्षांत पहिल्यांदा उच्चारले गेले, आणि ते उच्चारणारीचा अपराध ठरले.

"आमच्या डोक्यात जे होतं, तेवढं एकच आमचं होतं," गोर्दाना आता अगदी शांतपणे बोलत होती. "तेही तू शिवून ठेवलं होतंस. शर्टासारखं. आणि आज उसवलंस, का तर दगडावर जागा पाहिजे. लाज नाही वाटत?"

लेपोसावाने स्तामेनाला परत त्या खाचेत बसवण्याचा प्रयत्न केला. गोंद उरला नव्हता. गोर्दानाने ते कात्रण तिच्या बोटांतून काढून घेतले, अल्बम मिटला आणि काखेत धरला. संध्याकाळी दोघांची गाडी व्हिएन्नाला निघाली, तेव्हा मागच्या सीटवर अल्बमला पट्टा लावलेला होता.

व्लास्ता मिस्त्रीचे काम थोडेफार अडले. त्याच्या मते, माणूस एकाहत्तरचा आणि बाई एकोणतिसाची असा दगड उभा केला, तर येणारा-जाणारा बाप-लेक समजणार. वरच्या गल्लीत एका ठिकाणी तसे झाले होते आणि लोक अजून त्या मुलीसाठी हळहळत होते. चेहरा तरुण चालेल, तो आठवणीतला असतो. पण अंग शोभले पाहिजे. स्तामेनाचे पाय तर कुठल्याच धड फोटोत नव्हते. साधारण त्याच बांध्याच्या, पोक्त बाईचा उभा फोटो कुठे आहे का?

होता. मियोद्रागच्या लग्नातला, भाड्याच्या फोटोग्राफरने काढलेला, आणि म्हणून लेपोसावाच्या कात्रीबाहेरचा. तिहोमिर काळ्या सुटात, आणि त्याच्या दंडात हात घालून, स्वतः शिवलेल्या गडद निळ्या पोशाखात लेपोसावा.

गोर्दानाने व्हिएन्नाहून फोन केला. आवाज मोकळा होता. रागावलेल्या माणसांना काम निघाले की त्यांचा राग फार लवकर निवळतो.

"मावशी, बरी आहेस ना? गोळ्या घेतेस? ऐक, एक विचारायचं होतं. दगडासाठी मियोच्या लग्नातला तुमचा फोटो घेतोय, बाबांचा नि तुझा. म्हणजे बाबा आख्खे, आणि तुझं फक्त... खालचं. पोशाख वगैरे. हात आधीच बाबांच्या हातात आहे ना, मिस्त्री म्हणाले, वेगळा जोडायला नको."

लेपोसावा ऐकत होती. चुलीवर ढोबळ्या मिरच्या भाजत होत्या. तिने सांडशीने एक मिरची उलटली.

"तुझा चेहरा नाही येणार, काळजी करू नको," गोर्दाना म्हणाली. "चेहरा आईचाच. चालेल ना तुला?"

फोनवर नुसते घरघरणे होते. गोर्दानाला वाटले, लाइन गेली.

"मावशी?"

"उजेड उजवीकडून होता," लेपोसावा म्हणाली.

"काय?"

"लग्नाच्या दिवशी. आम्ही खिडकीशी उभे होतो, खिडकी उजव्या हाताला होती. स्तामेनाचा नाटकातला नका देऊ, त्यात डावीकडून आहे. मान लागणार नाही. कणसांच्या ढिगावरचा द्या. त्यात ती हसत नाहीये, पण उजेड बरोबर आहे."

"बघ," गोर्दाना मनापासून म्हणाली, "हे तुलाच कळतं. म्हणूनच विचारलं."

फोन ठेवल्यावर लेपोसावाने मिरच्या उतरवल्या, वाफेत झाकल्या आणि गार झाल्यावर सोलल्या. एकही फाटली नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी ऊन होते. पाद्र्याने प्रार्थना म्हटली, दगडाच्या पायाशी लाल वाइन ओतली गेली, मेणबत्त्या लागल्या. व्हिएन्नाहून आलेले पाहुणे दगडाचा काळेपणा आणि चकाकी याविषयी आदराने बोलत होते. साखर आणि अक्रोड घातलेला उकडलेला गहू लेपोसावाने पहाटे केला होता. या कामाला चेहरा लागत नसल्यामुळे ते तिच्याकडे राहिले होते. ताटली आणि चमचा घेऊन ती एकेकापाशी जात होती, आणि लोक क्रूस करून एक-एक चमचा खात होते.

दगडावर तिहोमिर पूर्ण उंचीचा उभा होता. त्याच्या दंडात हात घातलेली, भरल्या अंगाची, पांढऱ्या कॉलरची बाई होती, आणि त्या कॉलरमधून एकोणतीस वर्षांची स्तामेना बाहेर पाहत होती. मान लागली होती. खाली दोन नावे, दोघांच्याही दोन्ही तारखा. कोठेही आडवी रेघ मोकळी सुटलेली नव्हती.

शेजारीण दोब्रिला दगडाला ओठ टेकायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिला जवळचे चष्म्याशिवाय दिसत असे.

"लेपो," ती म्हणाली, "अगं, हे हात तुझेच की."

"श्श."

"श्श काय? हा अंगठा बघ. बाहेरच्या अंगाला वाकलेला. कारखान्यात आपल्या सगळ्या कापणीवाल्यांचे असेच झाले, माझाही आहे." तिने स्वतःचा अंगठा दगडावरच्या अंगठ्याशेजारी धरला. "स्तामेना तर पोस्टात होती. शिक्के मारायची. तिला कुठला असला अंगठा?"

दोघी-तिघी बायका वाकून पाहू लागल्या. कोणीतरी हसू दाबले.

गोर्दाना मिस्त्रीकडे गेली. "हा अंगठा सरळ करता येईल?"

व्लास्ता मिस्त्रीने टोपी हातात घेतली. "फोटोत होता तसा कोरला, ताई."

"हो, पण आता?"

"ग्रॅनाइट आहे. कोरलेलं पुसत नाही. घासायला गेलो तर खड्डा पडेल, आणि मग सगळे तिकडेच बघतील."

गोर्दानाने थोडा विचार केला आणि फुलांचा एक मोठा गुच्छ उचलून दगडाला टेकवून उभा केला. तो अंगठ्यापर्यंत पोहोचत नव्हता. तिने त्याखाली एक वीट सरकवली. मग पोहोचला.

"चला, एक फोटो काढू या सगळ्यांचा," मियोद्राग मोबाइल उंचावत म्हणाला. "गोर्दाना, तू आईकडे उभी राहा. मुलांनो, आजोबांकडे. मावशी, जरासं बाजूला होशील?"

लेपोसावा बाजूला झाली.

"अजून थोडं. सावली पडतेय तुझी. आईच्या तोंडावर येतेय."

सूर्य तिच्या पाठीशी होता. ती एक पाऊल मागे गेली, मग आणखी एक, शेजारच्या कबरींच्या मधल्या अरुंद वाटेने, मागे न पाहता, सावली दगडावरून पूर्ण उतरेपर्यंत. ताटली तिने दोन्ही हातांनी धरली होती. गव्हाचा एक दाणाही तिने सांडू दिला नाही.